बॅलेच्या वर्गात पाऊल टाकण्याआधी: दुखापती ओळखणं आणि टाळणं

बॅलेतली दुखापत म्हटलं की उंच उडी मारून धाडकन पडलेली नर्तकी डोळ्यांसमोर येते. तसं क्वचितच घडतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका व्यावसायिक बॅले कंपनीतल्या ५२ नर्तक-नर्तकींची वर्षभर नोंद ठेवली होती. सगळ्यांच्या मिळून ३५५ दुखापती झाल्या आणि त्यातल्या ६४ टक्के अतिवापराच्या होत्या. म्हणजे रोज थोडं थोडं दुखणं साठत गेलं आणि एक दिवस शरीराने हात टेकले.

माझंही तसंच झालं. मी तिशी ओलांडल्यावर पुण्यात बॅले शिकायला लागले आणि दुसऱ्याच वर्षी पायाच्या हाडाला चीर पडून घरी बसले. पडले नव्हते, मुरगळलं नव्हतं, कुणाचा धक्काही लागला नव्हता. आता नवख्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून उभी राहते, तेव्हा त्याच चुका दुसऱ्यांच्या पायांत दिसतात आणि जीव तुटतो. जे मला पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते. तुम्ही स्वतः शिकत असाल किंवा मुलीला-मुलाला घालणार असाल, दोघांनाही हे उपयोगी पडेल.

पहिली पायरी: जमीन बघा

फी, वेळ, पार्किंग हे सगळं विचारण्याआधी जमीन बघा. बॅलेसाठी लागते ती खाली पोकळी किंवा फोमचे ठोकळे असलेली, किंचित दबणारी लाकडी जमीन आणि तिच्यावर न घसरणारं व्हिनाइल. आपल्याकडे बरेच वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात भरतात, आणि तिथे असते काँक्रीटवर बसवलेली फरशी. उडी मारून खाली आल्यावर लाकूड थोडा धक्का स्वतः घेतं. फरशी काहीच घेत नाही, सगळा धक्का नडगी आणि गुडघ्यांना जातो. लाकडी दिसलं म्हणून फसू नका. काँक्रीटवर चिकटवलेलं लाकूड फरशीइतकंच कठीण असतं. जागेवर टाच आपटून बघा. जमीन पोकळ वाजली, हलकेच थरथरली तर बरं.

फरशीशिवाय पर्याय नसेल तर बारवरचे, म्हणजे कठड्याला धरून करायचे व्यायाम तिथे खुशाल करा, उड्या मात्र टाळा. मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवून घालतात त्या जाड फोमच्या चटया हा उपाय नाही. त्यांवर गिरकी घेताना पाऊल रुतून बसतं आणि गुडघा पुढे फिरतो.

दुसरी पायरी: टर्नआउट खुब्यातून काढा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण नवख्यांच्या निम्म्या तक्रारी इथे सुरू होतात असं माझं मत झालं आहे.

टर्नआउट म्हणजे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळवणं. टाचेला टाच आणि पावलांची एक सरळ रेघ, हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण पाय किती वळेल हे बऱ्याच अंशी खुब्याच्या सांध्याची वाटी कुठल्या दिशेला उघडते आणि मांडीच्या हाडाला किती पीळ आहे यावर ठरतं. ते जन्माने आणि वाढीच्या वयात ठरलेलं असतं. ताणून ताणून हाडाचा आकार बदलत नाही. तेव्हा पूर्ण १८० अंश बहुतेकांना निव्वळ खुब्यातून कधीच मिळत नाहीत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

खुब्यातून मिळत नाही म्हटल्यावर माणूस ते दुसरीकडून चोरतो. गुडघे वाकवायचे, पावलं हवी तेवढी वळवून जमिनीला चिकटवायची आणि मग गुडघे ताठ करायचे. जमिनीच्या घर्षणाने पावलं जागेवर राहतात आणि पीळ बसतो तो गुडघ्याला. पायाची कमान आत कोसळते, सगळा भार अंगठ्याच्या बाजूला येतो, कंबरेत खोलगट बाक येतो. पुढे गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढल्यासारखं दिसतं, कंबर धरते. तिन्हीसाठी वेगवेगळी मलमं लावली जातात, आणि चोरी चालूच राहते.

आपलं खरं टर्नआउट असं शोधा. आरशासमोर पावलं समांतर ठेवून, गुडघे ताठ ठेवून उभे राहा. आता चवडे उचला आणि टाचांवर भार देऊन मांड्या खुब्यातून बाहेर फिरवा. जिथे थांबाल तिथे चवडे खाली ठेवा. हा तुमचा कोन. आता हळूच प्लिए करा, म्हणजे गुडघे वाकवा. गुडघा दुसऱ्या बोटाच्या वर येतोय का? येत असेल तर ठीक. आत पडत असेल तर कोन आणखी कमी करा. शेजारच्या मुलीचा कोन मोठा असेल. असू द्या.

भरतनाट्यम शिकलेल्या मुली बॅलेला आल्या की त्यांना हे पटकन कळतं, कारण अरैमंडीतही, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्यातही, मांडी खुब्यातूनच उघडावी लागते. पण अरैमंडीतला कोन त्या तसाच बॅलेत आणू बघतात. वाकलेल्या गुडघ्यांनी मिळणारा कोन ताठ पायांनी मिळत नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागतं.

तिसरी पायरी: आधी अंग तापवा, ताण नंतर

वर्गात लवकर पोहोचून जमिनीवर फतकल मारून स्प्लिटमध्ये बसायची सवय अनेकांना असते. थंड स्नायू बराच वेळ ताणून धरल्याने त्यांचा जोर उलट काही काळ कमी होतो. त्याऐवजी दहा मिनिटं भरभर चाला, हात-पाय झुलवा, घोटे फिरवा, हलका घाम येऊ द्या. लांबलचक ताण वर्ग संपल्यावर.

चौथी पायरी: पोटऱ्या कमवा

बॅले म्हणजे पुन्हा पुन्हा चवड्यांवर चढणं आणि उतरणं. हे काम पोटरीचं. ऑस्ट्रेलियन बॅले या कंपनीच्या फिजिओथेरपिस्टनी पोटऱ्या ताणण्यापेक्षा त्यांना बळकट करण्यावर भर दिला आणि एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम नर्तकांच्या रोजच्या सवयीचा केला. हा व्यायाम फुकट आहे आणि स्वयंपाकाच्या ओट्याला धरूनही होतो.

गुडघा ताठ ठेवून एका पायावर सावकाश चढा, सावकाश उतरा. घोटा बाहेर कलंडू देऊ नका, भार अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मध्ये ठेवा. सुरुवातीला आठ-दहालाच पाय थरथरेल. एका पायावर सलग २५ नीट होईपर्यंत आठवड्यातून तीन-चार वेळा करत राहा. घोटा मुरगळणं ही बॅलेतली अचानक होणारी सगळ्यात नेहमीची दुखापत, आणि तिच्याविरुद्ध दमदार पोटरी आणि एका पायावरचा तोल ही दोनच शस्त्रं तुमच्या हातात आहेत. दात घासताना एका पायावर उभे राहा. जमलं की डोळे मिटून.

पाचवी पायरी: पॉइंट शूजची घाई करू नका

बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचण्याचं, म्हणजे पॉइंटचं, वेड जुनं आहे. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी या नर्तकीने ‘ला सिल्फिद’ हे बॅले तसं नाचून दाखवलं, तेव्हा तिच्या पायांत शिवणीने थोडे घट्ट केलेले साटिनचे मऊ जोडेच होते. पुढे जोड्याचं टोक कापड आणि खळीचे थर देऊन कडक झालं, तळाला ताठ पट्टी आली. पण जोडा पायाला उभं करत नाही. तयार पायाला तो आधार देतो, एवढंच.

नृत्य-वैद्यकाची आंतरराष्ट्रीय संस्था, इंटरनॅशनल असोसिएशन फॉर डान्स मेडिसिन अँड सायन्स, १९९० साली स्थापन झाली. तिची मार्गदर्शक सूचना सांगते की पॉइंट बाराव्या वर्षाच्या आधी नको. पण नुसतं वय पुरेसं नाही. मुलगी किती वर्षं शिकली, आठवड्यातून किती वर्ग करते, पोटाचे, खुब्याचे आणि घोट्याचे स्नायू किती सांभाळतात, हे सगळं बघायचं असतं. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या मुलीला पॉइंट देऊच नये असं मला ठामपणे वाटतं. ‘एक्स-रे काढून हाडं पक्की झाली का बघू’ असं पालक विचारतात. पावलाची हाडं पूर्ण जुळायला पुढे आणखी काही वर्षं लागतात, त्यामुळे त्या चित्रावरून तयारी कळत नाही.

घरी बघता येण्यासारख्या काही गोष्टी सांगते. पाय लांब करून बसा आणि पाऊल पूर्ण ताणा. नडगीपासून पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत जवळजवळ सरळ रेघ व्हायला हवी. मग एका पायावर उभे राहून धड पुढे आणि दुसरा पाय मागे असे आडवे व्हा, विमानासारखे, आणि उभ्या पायाचा गुडघा वाकवत पाचदा खाली-वर करा. पाचपैकी निदान चारदा गुडघा आत न पडता व्हायला हवं. शेवटी एका पायावर सोळा छोट्या उड्या. त्यातल्या निम्म्या तरी कंबर सरळ, पाऊल ताणलेलं आणि आवाज न करता उतरलेल्या हव्यात. यात अडखळलात तर पाय अजून तयार नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा बघा. प्रौढपणी शिकणाऱ्यांनाही हेच माप लागू आहे, मला स्वतःला लावून घ्यावं लागलं.

पहिला जोड ऑनलाइन मागवू नका. चपलेचा नंबर सारखा असला तरी रुंदी, बोटांची लांबी आणि कमान वेगळी असते. बघून बसवून देणारी व्यक्ती मुंबईत भेटत असेल तर पुण्याहून, नाशिकहून तेवढ्यासाठी जा. जोड्याचं टोक मऊ पडलं किंवा पट्टी दुमडायला लागली की जोडा संपला. व्यावसायिक नर्तकी एका प्रयोगात एक जोड संपवते. आपल्याला तेवढे लागत नाहीत, पण संपलेला जोडा ‘महाग आहे’ म्हणून ओढत नेणं पायाला फार महाग पडतं. नखं सरळ कापा, कोपरे गोल करू नका.

सहावी पायरी: दुखणं ओळखा

कालच्या वर्गाने आज अंग दुखणं आणि दुखापत, यांतला फरक कळला की अर्धी लढाई तिथेच सोपी होते. कष्टाचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं, पसरलेलं असतं, हालचाल सुरू झाली की सैलावतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. दुखापत एका बाजूला असते, नाचताना वाढत जाते, आणि तिची जागा दाखवता येते. आमच्या वर्गात मी विचारते, “तळहाताने दाखवतेस की एका बोटाने?” एका बोटाने नेमकं हाड दाखवलं की मी तिला त्या दिवशी उड्या मारू देत नाही.

नडगीचंच घ्या. आतल्या कडेने वीतभर पसरलेलं दुखणं असेल तर भार कमी करून, जमीन बदलून, पोटऱ्या कमावून ते बरं होतं. तेच एका ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल तर हाडाला चीर असू शकते. मिस्टी कोपलँड या अमेरिकन नर्तकीने २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये ‘फायरबर्ड’ नाचली, तेव्हा तिच्या नडगीच्या हाडाला सहा चिरा होत्या. शस्त्रक्रिया झाली, पुढे २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तकी झाली. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती ऐकताना त्या रात्रीचे तिचे पाय आठवतात. तिच्यासमोर आयुष्यभराची संधी उभी होती. आपल्यासमोर शनिवारचा वर्ग असतो.

माझी चीर पावलात होती, दुसऱ्या बोटाच्या लांब हाडाच्या मुळाशी. बॅले करणाऱ्यांची ही ठरलेली जागा, कारण ते हाड मुळाशी दोन्हीकडून पक्कं अडकलेलं असतं आणि चवड्यांवर उभं राहिलं की वाकण्याचा ताण त्याच्यावर येतो. पावलाच्या वर, मधोमध ठणकायचं. एक्स-रे काढला, स्वच्छ आला. “काही नाही, लचकलंय” असं सांगण्यात आलं आणि मी आनंदाने आणखी सहा आठवडे नाचले. अशी चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेवर बरेचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. हे मला तेव्हा माहीत असतं तर! म्हणून एक्स-रे स्वच्छ असूनही बोटाने दाखवता येणारं दुखणं दोन आठवडे राहिलं, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि “मी चवड्यांवर उभी राहून नाचते” हे स्पष्ट सांगा.

बाकीच्या खुणा थोडक्यात. चवड्यांवर चढलं की टाचेच्या वर, मागे काहीतरी चिमटल्यासारखं होत असेल, तर काहींना तिथे असणारं छोटं जास्तीचं हाड चिमटत असतं. घोट्याच्या आतल्या बाजूला मागे दुखत असेल आणि अंगठा वाकवताना अडकत असेल, तर ती अंगठ्याला ओढणारी कंडरा सुजलेली असते. बॅलेवाल्यांमध्ये हे इतकं नेहमीचं की डॉक्टरांनी त्या दुखण्याला नर्तकांचंच नाव दिलंय. खुब्यात टकटक आवाज येतो पण दुखत नाही, तर घाबरू नका. वाढीच्या वयातल्या मुला-मुलीची कंबर एका बाजूला, मागे वाकताना किंवा अराबेस्कमध्ये, म्हणजे एक पाय ताठ मागे उचलताना, दुखत असेल आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर मात्र थांबू नका. मणक्याच्या मागच्या भागाला चीर असू शकते आणि लवकर कळली तर ती बहुधा विश्रांतीने भरून येते. जोडीदाराला उचलणाऱ्या मुलांनीही कंबर आणि खांद्याकडे असंच बघायला हवं.

आणखी एक. मुलं एकदम उंच होतात त्या काळात त्यांचा तोल आणि लवचीकपणा काही महिने बिघडतो. कालपर्यंत जमणारी गिरकी जमेनाशी होते. मुलं आळशी झालेली नसतात, हाडं पुढे गेलेली असतात आणि स्नायू मागे राहिलेले असतात. त्या काळात उड्या कमी करा आणि त्यांना ओरडू नका.

सातवी पायरी: घोटा मुरगळला तर

थांबा. “बारवरचं एवढं संपवते” नाही. खाली बसा, पाय उंचावर ठेवा, क्रेप बँडेज बांधा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावला तर ठणका कमी होतो. आजी आंबेहळदीचा लेप लावणार असेल तर लावू द्या. पण पाय चोळू देऊ नका, आणि ‘बसवून देतो’ म्हणून कुणाला ओढू तर मुळीच देऊ नका.

हाड मोडलंय का, एक्स-रे हवा का, हे ठरवायला कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये साधे नियम दिले, ते जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची उंच हाडं, त्यांच्या मागच्या कडेने खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर दाबल्यावर दुखतात का? पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी दुखतं का? पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर? आणि लगेचही आणि तपासतानाही, दोन्ही वेळा, चार पावलं टाकता येत नाहीत का? यातलं एकही ‘हो’ असेल तर एक्स-रे काढा. चवड्यावरून बाहेर कलंडल्यावर करंगळीचं हाड मधूनच तिरकं मोडतं, ही बॅलेची खास मोडतोड आहे. म्हणून घोट्याबरोबर पावलाची बाहेरची कडही पूर्ण चाचपा.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना जोडे घेऊन जा आणि जी हालचाल दुखते तिचा मोबाइलवर व्हिडिओ दाखवा. रेलेव्हे, म्हणजे चवड्यांवर चढणं, काय असतं हे त्यांना तोंडी समजावण्यापेक्षा हे बरं.

आठवी पायरी: जेवा

बारीक दिसण्याचा दबाव बॅलेत आहे, तो नाही असं म्हणणं खोटं होईल. पण जेवढा खर्च तेवढं अन्न पोटात गेलं नाही, तर शरीर काटकसर सुरू करतं, आणि पाळी आणि हाडं यांवर ती आधी दिसते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती मुलींपुरती नाही, मुलांनाही होते हे मांडलं. तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. “नाचते ना, म्हणून” असं म्हणून सोडून देऊ नका. अशा मुलीची हाडं ठिसूळ होत असतात.

वर्गाच्या दीड-दोन तास आधी पोहे, दशमी, केळं असं काहीतरी हवंच. संकष्टीचा उपवास आणि उड्यांचा वर्ग एकाच दिवशी आला तर दोन्हीपैकी एक सोडा. वर्ग खोलीत असतात, ऊन लागत नाही, तेव्हा ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या.

नववी पायरी: परत येताना

डेव्हिड हॉलबर्ग हा मॉस्कोच्या बोल्शोई आणि अमेरिकन बॅले थिएटर या कंपन्यांचा नर्तक होता. २०१४ मध्ये घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचं नाचणं जवळजवळ संपलं होतं. तो मेलबर्नला ऑस्ट्रेलियन बॅलेच्या उपचार-पथकाकडे गेला, वर्षाहून अधिक काळ राहिला, अगदी पायाभूत व्यायामांपासून सुरुवात केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सिडनीत ‘कोपेलिया’तून रंगमंचावर परतला. पुढे २०२१ मध्ये त्याच कंपनीचा कलादिग्दर्शक झाला. मी घरी बसले होते तेव्हा त्याची गोष्ट मला फार आधाराची वाटायची, कारण त्याच्यासारख्या नर्तकालाही टाच उचलण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली होती.

दुखणं थांबलं म्हणजे पाय तयार झाला, असं नाही. चीर भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, काही जागांना त्याहून जास्त. त्या काळात जमिनीवर पडून करायचे व्यायाम, पोट, खुबा, दुसरा पाय, हे डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. मग बार, दोन्ही पायांवर. मग एका पायावर. मग बार सोडून मध्यभागी. दुखऱ्या पायावरच्या टाच-उचलणीची संख्या दुसऱ्या पायाच्या जवळ येईपर्यंत उड्या नाहीत. पहिल्या उड्या दोन्ही पायांवर, छोट्या, आठच. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल कसं पडतं ते बघा. पाय कुरकुरला नाही, तर पुढच्या वर्गात सोळा.